‘इमेंड’ आणि ‘अमेंड’

एखाद्या जुन्या हकीकतीची देवनागरी अक्षरांत उतरलेली नक्कल कोणी वाचावयास घेतली, आणि तींत ‘दुसरे दिवशीं फौज खाना झाली’ असें वाक्य आढळलें, तर वाचणारा क्षणभर अडखळेल. फौज खाना कशी होईल? परंतु देवनागरीच्या जुन्या वळणाशीं ज्याचा परिचय आहे त्याच्या ध्यानांत चूक लौकरच येईल. हस्ताक्षरांत ‘र’ आणि ‘व’ जवळ जवळ आले म्हणजे त्यांचा ‘ख’ दिसतो, आणि ‘ख’ थोडा सुटा पडला म्हणजे त्याचे ‘र’ व ‘व’ होतात. मूळ लेखकानें ‘फौज रवाना झाली’ असें लिहिलें होतें. नकलकारानें ‘रवाना’चा ‘खाना’ केला. वाचणाऱ्यानें ‘खाना’च्या जागीं ‘रवाना’ वाचलें कीं बिघडलेला शब्द आपल्या ठिकाणीं परत येतो.

आतां त्याच ठिकाणीं दुसरा एक वाचक येतो. त्याला अक्षरांच्या वळणाची माहिती नाहीं, पण व्याकरणाची चाड आहे. वाक्य अशुद्ध आहे एवढें त्याला दिसतें, आणि तो ‘फौजेचा खाना झाला’ अशी दुरुस्ती करून मोकळा होतो. वाक्य सरळ झालें, व्याकरण सांभाळलें गेलें, अर्थहि लागला, फौज जेवली. मात्र फौज कूच करून गेली ही मूळ हकीकत नाहींशी झाली. पुढें या दुरुस्त प्रतीवरून जो तिसरी प्रत करील, त्याला शंका घेण्यासहि जागा उरली नाहीं. नकलकाराची चूक उघडी होती, म्हणून ती सांपडण्याजोगी होती. दुसऱ्या वाचकाची चूक शहाणपणाची होती, म्हणून ती लपली.

मराठींत या दोघांच्याहि कृत्याला ‘दुरुस्ती’ हा एकच शब्द लावला जातो. पहिल्या वाचकानें जें केलें त्यासाठीं इंग्रजी भाषेनें एक वेगळा शब्द राखून ठेवला आहे. तो शब्द ‘इमेंड’ हा होय. त्याचें नाम ‘इमेंडेशन’. कानाला तो ‘अमेंड’ या अधिक परिचित शब्दासारखा लागतो, आणि इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे अशा लेखकांच्या हातूनहि या दोहोंची अदलाबदल होते. फरक एका अक्षराचा आहे. पण त्या अक्षराच्या आड ग्रंथ, ग्रंथकार आणि वाचक यांच्या परस्पर नात्याचा एक मोठा प्रश्न उभा आहे.

दोन्ही शब्दांचें कूळ एकच आहे. लॅटिन भाषेंत ‘मेंडा’ किंवा ‘मेंडुम’ म्हणजे डाग, व्यंग, दोष. लेखनांतील चुकीलाहि हाच शब्द चाले. संस्कृतांत ‘मिंदा’ हा शरीरांतील व्यंग दाखविणारा एक विरळ शब्द आहे, आणि त्याचें या लॅटिन शब्दाशीं नातें असल्याचें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ‘मेंडा’ला बाहेर या अर्थाचा उपसर्ग लागून ‘एमेंडारे’ हें क्रियापद झालें. त्याचा अर्थ दोष बाहेर काढणें. हें क्रियापद फ्रेंचांच्या तोंडीं गेलें तेव्हां आरंभींच्या ‘ए’चा ‘अ’ झाला, आणि तेराव्या शतकांत तें ‘अमेंड’ या रूपानें इंग्रजींत आलें. बोलतां बोलतां त्याचें पहिलें अक्षर गळालें आणि ‘मेंड’ हा आणखी एक शब्द तयार झाला. फाटलें वस्त्र किंवा मोडलेलें कुंपण नीट करावयाचें तें ‘मेंड’ करावयाचें. पुढें पंधराव्या शतकांत विद्वानांनीं तेंच क्रियापद पुन्हा एकदां सरळ लॅटिनमधून उचललें, आणि या वेळीं त्याचा ‘ए’ कायम राहिला. अशा रीतीनें एकाच मातेचीं तीन अपत्यें तीन वाटांनीं इंग्रजी घरांत आलीं, आणि त्यांनीं कामें वांटून घेतलीं. ‘मेंड’कडे घरगुती वस्तु गेल्या, ‘अमेंड’कडे कायदा व आचरण गेलें, आणि ‘इमेंड’कडे ग्रंथांतील पाठ गेला.

‘अमेंड’चा व्यवहार सर्वांच्या नजरेसमोर चालतो. अमेरिकेच्या राज्यघटनेंत पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ सालीं झाल्या. आज त्यांची संख्या २७ आहे. भारताच्या घटनेची पहिली दुरुस्ती १९५१ सालीं झाली. सभेपुढें आलेल्या ठरावांत फेरफार सुचविणें यालाहि इंग्रजींत हाच शब्द आहे. मराठी सभाशास्त्रांत त्याला ‘उपसूचना’ म्हणतात. एखाद्यानें आपलें वागणें सुधारलें किंवा केलेल्या अपराधाची भरपाई केली, तर तेथेंहि याच शब्दाचें रूप योजिलें जातें. या सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. कायदा लिहितांना लेखणी चुकली होती असें कोणी म्हणत नाहीं. कायदा करणाऱ्यांनीं जें लिहावयाचें ठरविलें तेंच लिहिलें. आतां काल बदलला, मत बदललें, म्हणून तो कायदा बदलावयाचा. म्हणजे ‘अमेंड’ करणारा जुन्याच्या जागीं नवें ठेवतो, आणि तसें करण्याचा त्याला अधिकार असावा लागतो.

‘इमेंड’ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. येथें नवें कांहीं ठेवावयाचें नाहीं. ग्रंथकारानें जें लिहिलें होतें आणि नकलकाराच्या डुलकीनें, छापणाऱ्याच्या घाईनें किंवा वाळवीच्या दातानें जें बिघडलें, तें होतें तसें परत आणावयाचें. ग्रंथकाराचें मत चुकीचें असेल, त्याची उपमा ओबडधोबड असेल, त्याचें व्याकरणहि ढिलें असेल. ‘इमेंड’ करणाऱ्याला त्यांतील कशालाहि हात लावतां येत नाहीं. ‘अमेंड’ करणाऱ्याला अधिकार लागतो. ‘इमेंड’ करणाऱ्याला पुरावा लागतो. म्हणून ‘घटना इमेंड केली’ असें लिहिणें ही उघड चूक ठरते. उलट पोथीविषयीं ‘अमेंड’ म्हटलें तर तें तितकें चुकीचें नाहीं, कारण तो शब्द अधिक व्यापक आहे. परंतु त्यानें नेमका अर्थ हरवतो. मूळ पाठ परत आणला कीं नवा घातला, हें त्यावरून कळत नाहीं.

जवळपासच्या आणखी दोन-तीन शब्दांचा उल्लेख येथें पुरे होईल. ‘रिव्हाइज’ म्हणजे पुन्हा पाहणें. लेखक आपलेंच लिखाण पुन्हा हातीं घेतो तेव्हां हा शब्द शोभतो. ‘एडिट’च्या मुळाशीं बाहेर देणें, प्रसिद्ध करणें हा अर्थ आहे, संपादकाचें सगळेंच काम त्यांत येतें. ‘करेक्ट’ हा सर्वांत सामान्य शब्द. शिक्षक विद्यार्थ्याची वही तपासतो तें ‘करेक्ट’ करतो. या सर्वांमध्यें ‘इमेंड’ हाच शब्द असा आहे कीं ज्याचा धनी, म्हणजे मूळ ग्रंथकार, बहुधा हयात नसतो. त्याला विचारतां येत नाहीं. त्याच्या वतीनें दुसऱ्यानें बोलावयाचें असतें, आणि म्हणूनच तें काम जोखमीचें आहे.

कांहीं वेळां ही जोखीम नाममात्र असते. १६३१ सालीं लंडनमध्यें रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन ल्यूकस या राजमान्य मुद्रकांनीं बायबलची एक आवृत्ति छापली. तींत दहा आज्ञांपैकीं व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेंतील नकारार्थी शब्दच गळाला, आणि धर्मग्रंथानें व्यभिचाराची आज्ञा केली असें झालें. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रति जप्त करण्यांत आल्या, आणि ज्या थोड्या वांचल्या त्या आज ग्रंथसंग्राहकांच्या दृष्टीनें मोलाच्या ठरल्या आहेत. अशा ठिकाणीं गळालेला शब्द परत घालणाऱ्याला कोणी पुरावा मागणार नाहीं. परंतु बहुतेक चुका इतक्या उघड नसतात.

हस्तलिखितांच्या काळांत चुका कशा होत, हें पाहिलें म्हणजे त्या कशा ओळखाव्या हेंहि कळतें. पोथी लिहितांना शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. ओळ अखंड चाले. दोन ओळींत एकच शब्द आला असेल तर नकलकाराची दृष्टि पहिल्या शब्दावरून उडून दुसऱ्यावर जाई आणि मधला मजकूर गळे. कधीं तेंच अक्षर दोनदां लिहिलें जाई. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘य’ यांची गल्लत नित्याची असे. नकलकार बिचारे प्रामाणिक होते. पोथीच्या शेवटीं ते लिहून ठेवीत कीं, पुस्तक जसें पाहिलें तसें उतरलें. शुद्ध असो वा अशुद्ध, त्याचा दोष लिहिणाऱ्याला नसावा.

चूक ध्यानांत आल्यावर ती नीट करण्याच्या त्यांच्या दोन रीति होत्या. अक्षर गळालें असेल तर त्या जागीं कावळ्याच्या पायासारखी खूण करून गळालेलें अक्षर समासांत लिहीत. या खुणेचें नांव काकपद. आणि अक्षर नको असेल तर त्यावर हरताळ नांवाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच मराठींत आला, आणि त्याचा आजचा अर्थ केलेलें व्यर्थ करणें असा आहे. काकपद वाचणाऱ्याला सांगतें कीं, येथें कांहीं कमी होतें, तें अमुक ठिकाणीं लिहिलें आहे. हरताळ मजकूर झांकतो, पण त्याचाहि पिवळा डाग मागें राहतो. म्हणजे पोथी शुद्ध करणाऱ्याचा हात फिरल्याची खूण दोन्ही रीतींत उरतेच.

पाश्चात्य पंडितांनीं ‘इमेंडेशन’साठीं ज्या कसोट्या हळूहळू ठरविल्या, त्यांचा सारांश तीन वाक्यांत सांगतां येईल. पहिली, हातांतील पाठ खरोखरच बिघडलेला आहे याची खात्री व्हावी. केवळ तो अवघड आहे एवढें पुरें नाहीं. दुसरी, सुचविलेला पाठ त्या ग्रंथकाराच्या भाषेंत, त्याच्या काळांत आणि त्या संदर्भांत बसावा. तिसरी, त्या खऱ्या पाठाचा आजचा चुकीचा पाठ कसा झाला असेल, हें अक्षरांच्या वळणानें किंवा नकलकाराच्या संवयीनें उलगडावें. ‘फौजेचा खाना झाला’ ही दुरुस्ती तिसऱ्या कसोटीला उतरत नाहीं. ‘फौज रवाना झाली’ ही तिन्हींना उतरते. यालाच जोडून अठराव्या शतकांतील जर्मन पंडित बेंगेल यानें एक नियम सांगितला कीं, दोन पाठांपैकीं सोपा नव्हे तर अवघड पाठ पसंत करावा. नकलकार अवघडाचें सोपें करतो; सोप्याचें अवघड करण्याचा उद्योग कोणी सहसा करीत नाहीं.

या कसोट्यांना उतरलेलें इंग्रजी साहित्यांतील सर्वांत गाजलेलें उदाहरण शेक्सपिअरच्या ‘पांचवा हेन्री’ या नाटकांतलें आहे. फॉल्स्टाफ या लठ्ठ, लबाड तरीहि लोभस पात्राच्या मरणाचें वर्णन त्यांत एक खाणावळवाली करते. १६२३ च्या छापील संग्रहांत त्या वर्णनाच्या मध्यें हिरव्या शेतांचें ‘टेबल’ असे अर्थहीन शब्द आले आहेत. कवि पोप यानें १७२५ च्या आपल्या आवृत्तींत असा तर्क केला कीं, नाटकमंडळींत सामान पुरविणारा ग्रीनफील्ड नांवाचा कोणी असावा, आणि त्याचें टेबल रंगभूमीवर आणण्याची सूचना चुकून संवादांत शिरली असावी. असा मनुष्य होता याला पुरावा कांहींच नव्हता. दुसऱ्याच वर्षीं लुइस थिओबाल्ड यानें पोपच्या चुका दाखविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत ‘टेबल’ऐवजीं ‘बॅबल्ड’, म्हणजे बरळला, असा शब्द सुचविला. मरणाच्या दारीं पडलेला म्हातारा बालपणींच्या हिरव्या शेतांविषयीं बरळत होता. त्या काळच्या हस्ताक्षरांत ‘टेबल’ आणि ‘बॅबल्ड’ यांत फारसा फरक नव्हता. संदर्भ बरळण्याचाच होता. आणि करुण व हास्य यांचें तें मिश्रण शेक्सपिअरच्या हाताला साजेसें होतें. कोणा पूर्वींच्या वाचकानें पुस्तकाच्या समासांत केलेल्या नोंदीवरून आपल्याला दिशा मिळाली, हेंहि थिओबाल्डनें सांगून टाकलें. पोपनें रागावून आपल्या उपहासकाव्यांत त्याला मूर्खांचा नायक केलें. परंतु नंतरच्या बहुतेक संपादकांनीं थिओबाल्डचाच शब्द स्वीकारला आहे.

विद्वत्तेनें हेंच काम कसें बिघडतें, याचें उदाहरणहि त्याच काळांतलें आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रिचर्ड बेंटली हे ग्रीक व लॅटिन पाठशुद्धींत आपल्या काळचे अग्रणी होते. सत्तरीच्या सुमारास, १७३२ सालीं, त्यांनीं मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याची आवृत्ति काढली. मिल्टन आंधळा होता आणि त्यानें काव्य तोंडानें सांगून लिहविलें, हें खरें. त्यावरून बेंटलींनीं एक संपादक कल्पिला. त्यानें कवीच्या अंधत्वाचा फायदा घेऊन काव्यांत मन मानेल तशी ढवळाढवळ केली असें गृहीत धरलें. आणि शेंकडों ठिकाणीं पाठ बदलण्याची सूचना केली. नरकांतील अंधार डोळ्यांना दिसतो अशी मिल्टनची विलक्षण कल्पना आहे. बेंटलींना तो तर्कदुष्टपणा वाटला, आणि त्यांनीं तेथें थोडा उजेड झिरपूं देणारा काळोख घातला. काव्य गेलें आणि तर्क राहिला. चूक होती ती मिल्टनच्या ग्रंथांत नसून बेंटलींच्या अपेक्षेंत होती. म्हणजे पहिलीच कसोटी त्यांनीं ओलांडली होती.

तरीहि बेंटलींच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपले सर्व पाठ त्यांनीं समासांत व टीपांत छापले. मूळ ओळी जागच्या जागीं ठेवल्या. त्यामुळें मिल्टनचें नुकसान कांहींच झालें नाहीं. लोक हंसले, टीपा बाजूला राहिल्या, काव्य होतें तसें वाचलें जात राहिलें. त्यांच्या ठिकाणीं एखादा अधिक विनयशील परंतु कमी प्रामाणिक गृहस्थ असता, आणि त्यानें पन्नासच शब्द निमूटपणें बदलले असते, तर तो अपाय कदाचित् कधींच भरून निघाला नसता. या विद्येविषयीं कवि आणि लॅटिन पंडित ए. ई. हाउसमन यांनीं १९२१ सालीं केंब्रिज येथें एक व्याख्यान दिलें. पाठ शोधणारा हा ग्रहांच्या गतीचा विचार करणाऱ्या न्यूटनसारखा नसून अंगावरील पिसवा शोधणाऱ्या कुत्र्यासारखा असतो, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रत्येक पिसू स्वतंत्र. गणित मांडून ती सांपडत नाहीं.

युरोपांत ज्या प्रश्नांवर तीन शतकें खल झाला, ते महाराष्ट्रांत सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्याचा आरंभ १९१९ सालीं झाला, आणि मूळ संहितेचें काम १९६६ सालीं पूर्णतेस गेलें. १२०० हून अधिक हस्तलिखितें काश्मीरपासून केरळपर्यंतच्या लिपींतून जमवून ताडून पाहण्यांत आलीं. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून या कार्याचे प्रमुख संपादक होते. त्यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. त्यांच्या प्रस्तावनेंत ‘इमेंडेशन’विषयींचें धोरण स्पष्ट आहे. जोंपर्यंत हस्तलिखितांत मिळणाऱ्या पाठाचा अर्थ लावतां येतो, तोंपर्यंत कल्पनेनें नवा पाठ घालावयाचा नाहीं. अर्थ लावण्याचें काम आधीं, पाठ बदलण्याचें नंतर. हजारों श्लोकांच्या त्या पर्वांत अशा कल्पित पाठशुद्धीच्या जागा मोजक्याच आहेत, आणि त्या प्रत्येक जागीं तारकेची खूण छापली आहे. जो पाठ निश्चित नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ आहे. संपादकाला जें ठाऊक नाहीं, तेंहि वाचकाला पानावरच दिसतें.

या आवृत्तीनें भाविक मनाला कांहीं धक्के दिले, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें ही सर्वांच्या आवडीची कथा प्राचीन व भिन्न प्रांतांच्या पोथ्यांच्या आधारावर मूळ संहितेंत टिकली नाहीं. ती परिशिष्टांत गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगीं द्रौपदीनें केलेला कृष्णाचा धांवाहि फ्रँकलिन एजर्टन यांनीं संपादिलेल्या सभापर्वांत, १९४४ सालीं, संहितेबाहेर ठेवला गेला. परंतु यांतील कोणताहि श्लोक फेंकून देण्यांत आला नाहीं. संहितेच्या खालीं आणि परिशिष्टांत तो सारा मजकूर, कोणत्या पोथींत आहे व कोणत्या पोथींत नाहीं या नोंदीसह, छापलेला आहे. ज्याला संपादकांचा निर्णय मान्य नसेल त्याच्या हातीं तो निर्णय फिरविण्याचीं साधनें त्याच ग्रंथांत दिलेलीं आहेत. आणि जी कथा परिशिष्टांत गेली, तिचा आशय मात्र या शास्त्राला पुरता लागू पडतो. न थांबतां लिहिण्याची अट गणपतीनें घातली, तेव्हां अर्थ कळल्याखेरीज लिहूं नये अशी उलट अट व्यासांनीं घातली, आणि मधून मधून कूट श्लोक पेरले. अवघड जागीं गणपति विचार करीत असे. सामान्य नकलकार अशा जागीं विचार करीत नाहीं. तो एकतर चुकतो, नाहींतर सोपें करून टाकतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो ज्ञानेश्वरींत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, सांगितली गेली. त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, पैठणच्या एकनाथांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या कामाविषयीं त्यांनीं जें लिहून ठेवलें आहे, त्याचा आशय असा कीं, ग्रंथ मूळचाच अतिशय शुद्ध होता, पाठभेदांनीं त्यांत अशुद्ध मिसळलें, तें शोधून ही प्रत तयार केली. लॅटिनमधील ‘एमेंडारे’चा अर्थ याहून नेमका सांगतां येणार नाहीं. एकनाथांनीं योजिलेला ‘शोधणें’ हा शब्दहि लक्षांत घेण्यासारखा आहे. हुडकणें आणि मळ काढून स्वच्छ करणें, हे दोन्ही अर्थ त्यांत एकत्र नांदतात. आणि पाठशुद्धि हीं दोन्ही कामें एकदम करते. त्याच धातूपासून आलेला ‘संशोधन’ हा शब्द आज मराठींत नव्या ज्ञानाच्या शोधाला लावतात, तर हिंदींत घटनेच्या दुरुस्तीला ‘संशोधन’ म्हणतात. एकाच शब्दानें दोन शेजारच्या भाषांत ‘इमेंड’ आणि ‘अमेंड’ यांच्या वाटा वांटून घ्याव्या, हा योगायोग मौजेचा आहे.

एकनाथांनीं शेवटीं एक इशाराहि दिला. ज्ञानेश्वरीच्या पाठांत जो कोणी आपली ओंवी घालील, त्यानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेवली असें समजावें, असा त्याचा अर्थ आहे. एकनाथ स्वतः मोठे कवि होते. त्यांना ओंवी रचतां येत नव्हती म्हणून त्यांनीं हें लिहिलें असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याला चांगलें लिहितां येतें त्यालाच दुसऱ्याच्या ग्रंथांत लिहिण्याचा मोह अधिक होतो, आणि त्या मोहाला त्यांनीं बांध घातला.

असें असूनहि त्यांच्या प्रतीविषयीं वाद झाला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९०९ सालीं एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापून तो पाठ एकनाथांच्याहि पूर्वींचा असल्याचें प्रतिपादन केलें. त्यानंतर प्रचलित पाठांतील शब्दांचीं रूपें ज्ञानेश्वरांचीं किती आणि मागाहूनचीं किती, ही चर्चा अभ्यासकांत चालूच राहिली. यांत एकनाथांच्या हेतूविषयीं कोणी शंका घेतलेली नाहीं. अडचण निराळीच आहे. कोणत्या जागीं त्यांच्यापुढें कोणता पाठ होता आणि त्यांनीं तो बदलून कोणता ठेवला, याची नोंद आज हातीं नाहीं. त्या काळीं तशी नोंद ठेवण्याची रीतहि नव्हती. पवित्र हातानें आणि शुद्ध बुद्धीनें केलेली पाठशुद्धि देखील खूण मागें न राहिल्यामुळें संशयांतून पुरती सुटत नाहीं, तर सामान्य हातांच्या दुरुस्तीबद्दल काय म्हणावें?

आणि सामान्य हात आज नित्य ग्रंथांवरून फिरत असतात. १९६२ सालीं मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून गेले. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढतांना त्यांतील अनुस्वारहि पुसले जातात. वाचकाची सोय हें त्याचें कारण आहे, आणि तें कारण रास्त आहे. परंतु पूर्वीं ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी असा भेद लेखनांतच दिसे. आतां दोन्ही एकसारखीं झालीं. अशा फेरफाराला ‘इमेंड’ म्हणतां येणार नाहीं, कारण जुन्या लेखकाच्या हातून चूक झालेलीच नव्हती. तो ‘अमेंड’ आहे. आणि तो केला असल्याचें पुस्तकाच्या पहिल्या पानावर एका ओळींत सांगणें एवढें तरी प्रकाशकाचें कर्तव्य ठरतें. पुष्कळ पुस्तकांत ती एक ओळ नसते. संगणकावर तर ही गोष्ट अधिकच सोपी झाली आहे. यंत्र स्वतःच्या शब्दसंग्रहाशीं न जुळणारा शब्द लेखकाच्या नकळत बदलून ठेवतें, आणि तेथें काकपद उमटत नाहीं कीं हरताळाचा डागहि राहत नाहीं. बोलींतला एखादा शब्द, गांवचें एखादें जुनें नांव, आजीच्या पत्रांतील तिचें स्वतःचें लेखन, हीं सर्व ‘फौज खाना झाली’ या वाक्याप्रमाणें अशुद्ध दिसतात, आणि ‘फौजेचा खाना झाला’ या वाक्याप्रमाणें शुद्ध होऊन बसतात.

१९४१ सालीं सुमित्र मंगेश कत्रे यांनीं भारतीय ग्रंथांच्या पाठचिकित्सेवर इंग्रजींत एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि या शास्त्राची पद्धति या देशांतील अभ्यासकांपुढें मांडली. सर्वांनाच त्या शास्त्राच्या खोलांत जाण्याचें कारण नाहीं. पण घरांतील जुनें बाड उतरून काढणारा, वडिलांच्या आठवणी छापणारा, मंडळाचा जुना वृत्तांत पुन्हा प्रसिद्ध करणारा, अशा प्रत्येकाच्या हातीं एखाद्या वेळीं हें काम येतेंच. त्या वेळीं ‘इमेंड’ या शब्दाचा अर्थ ध्यानांत असला तर तीन गोष्टी आपोआप घडतील. जें अवघड आहे तें चुकीचेंच असेल असें तो धरून चालणार नाहीं. जें खरोखर चुकलें आहे तें कसें चुकलें, याचा शोध लागेपर्यंत तो लेखणी उचलणार नाहीं. आणि लेखणी उचललीच, तर आपण काय बदललें तें समासांत लिहून ठेवील. म्हणजे पुढें अधिक जाणता वाचक येईल तेव्हां त्याला मूळ शब्द सांपडेल.